गादीचा कायदा आणि घरचा कायदा

ग्वाल्हेर शहराच्या लष्कर भागात महाराज बाडा नावाचा मोठा चौक आहे. मराठी 'वाडा' हिंदी जिभेवर 'बाडा' झाला आणि तेथील मराठी कुटुंबांनीही पुढे तोच उच्चार पत्करला. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेस तळ दिला, तळाचे शहर झाले आणि शहराला 'लष्कर' हेच नाव चिकटले. चौकाला लागून शिंद्यांचा जुना वाडा गोरखी, आणि भोवती टाऊन हॉल, टपाल कचेरी, बँक, शासकीय मुद्रणालय, व्हिक्टोरिया मार्केट अशा एकीचा घाट दुसरीस न मिळणाऱ्या इमारती आहेत. येणारा प्रवासी त्या इमारतींच्या शैली मोजतो आणि पुढे जातो. परंतु या चौकाच्या आसऱ्याने कायद्याचाही एक इतिहास घडलेला आहे. विधवेचा अधिकार कोठवर, अज्ञान मुलाची मिळकत कोणी सांभाळावी आणि त्याच्या हाती ती केव्हा द्यावी, हे प्रश्न येथे एकदा नव्हे, चार वेळा उघड्यावर आले.

१८२७ ते १९२५ या शतकात ग्वाल्हेरच्या गादीवर चार वेळा नवा धनी बसला आणि चारही वेळा तो धनी लहान मूल होता. जनकोजीराव सुमारे अकरा वर्षांचे होते. जयाजीराव आठ वर्षांचे, माधवराव नऊ वर्षांचे, आणि जिवाजीरावांना तर नऊ वर्षे पुरी व्हावयास काही दिवस कमीच होते. पहिले दोघे दत्तक, नंतरचे दोघे औरस. दत्तक, पालक, नाबालगी, मुखत्यारी हे शब्द इतर गावांत वकिलाच्या बैठकीत ऐकू येत. लष्करात ते राज्यकारभाराचेच शब्द होते.

मराठीत वयात न आलेल्या मुलाला कायद्याच्या भाषेत 'अज्ञान' म्हणतात आणि अठरा वर्षे पुरी झाली की तो 'सज्ञान' होतो. महाराष्ट्रातील सातबाराच्या उताऱ्यावर एखाद्या नावाखाली 'अ. पा. क.' अशी अक्षरे आढळतात. अज्ञान पालनकर्ता, असा त्यांचा अर्थ. ग्वाल्हेरकडे याच मुलाला 'नाबालिग' म्हणतात. मराठी शब्दात नकळत एक विनोद झाला आहे खरा, कारण मुलाचे अज्ञान अठराव्या वाढदिवशी संपते, पण त्याच्या मिळकतीविषयी त्याच्या आईचे, आजीचे आणि शेजाऱ्यांचे जे अज्ञान असते त्याला अशी मुदत नाही.

या इतिहासाचा आरंभ बायजाबाईंपासून होतो. कागलच्या सर्जेराव घाटग्यांची ही कन्या दौलतरावांची पत्नी. दौलतराव २१ मार्च १८२७ रोजी वारले, त्यांना पुत्र नव्हता आणि मरणापूर्वी त्यांनी दत्तकही घेतला नव्हता. त्याच वर्षी बायजाबाईंनी शिंद्यांच्या कुळातील मुकुटराव या मुलास दत्तक घेऊन त्याचे नाव जनकोजीराव ठेविले आणि कारभार आपल्या हाती घेतला. सहा वर्षे त्यांनी तो चालविला. जमाखर्चाची जाण, सावकारीतील हुशारी आणि हुकमत या तिन्ही गोष्टी त्यांच्या अंगी होत्या, हे त्यांचे विरोधकही नाकारीत नाहीत. वाद पडला तो वेगळ्याच मुद्द्यावर. बाई राज्याच्या पालक की धनी? नवऱ्याने हयातीपर्यंत कारभार आपणावर सोपविला आहे, असे बाईंचे म्हणणे. दत्तक पुत्र वयात आला की कारभार त्याच्या स्वाधीन केला पाहिजे, असे जनकोजीरावांच्या पक्षाचे म्हणणे. १८३२ च्या डिसेंबरात गव्हर्नर जनरल बेंटिंक ग्वाल्हेरीस आला, त्याने दोन्ही बाजू ऐकल्या, पण वादाचा निकाल केला नाही. तो अखेर फौजेने केला. १८३३ च्या जुलैत पलटणी उठल्या आणि बाईंना लष्कर सोडावे लागले.

इतिहासकारांपैकी कोणी बायजाबाईंना सत्तालोभी ठरवितात, कोणी त्यांची थोरवी गातात. दोन्ही पक्ष कायद्याचा साधा प्रश्न बाजूला ठेवतात. पालकाचा अधिकार कितीही मोठा असला तरी तो उसना असतो आणि मुलाच्या वयाबरोबर त्याची मुदत भरत जाते. हे सूत्र कोणी वेळीच लेखी केले असते, सज्ञानतेचे वय आणि तारीख ठरविली असती, तर फौजेला मध्ये पडावयास निमित्त उरले नसते.

दहा वर्षांनी तोच प्रसंग पुन्हा आला, आणि या वेळी तो अधिक करुण होता. जनकोजीराव ७ फेब्रुवारी १८४३ रोजी निपुत्रिक वारले. त्यांची विधवा ताराबाई स्वतःच अजून बालवयात होती. तिच्या मांडीवर भगीरथराव या आठ वर्षांच्या मुलास दत्तक दिले गेले आणि त्याचे नाव जयाजीराव झाले. राजा अज्ञान आणि त्याची आईही अज्ञान! मग पालक कोण? मामासाहेब कदम की दादा खासगीवाले, या प्रश्नावरून दरबारात तट पडले, त्यात इंग्रजांनी हात घातला आणि २९ डिसेंबर १८४३ या एकाच दिवशी महाराजपूर आणि पनियार अशा दोन ठिकाणी लढाया झाल्या. पालक नेमण्याच्या तंट्यात एवढी माणसे पडल्याचे उदाहरण विरळाच. अर्थात पालकत्व हे निमित्त, इंग्रजांच्या मनात दुसरेही हेतू होते, हे सांगावयास नकोच.

पराभवानंतर १३ जानेवारी १८४४ रोजी जो तह झाला त्यात मात्र १८२७ साली राहून गेलेली गोष्ट केली गेली. राजा अठरा वर्षांचा होईपर्यंत कारभार मंडळाने पाहावा असे ठरले आणि त्याच्या सज्ञानतेची तारीखही नमूद झाली : १९ जानेवारी १८५३. ताराबाईंसाठी सालीना तीन लक्ष रुपयांची नेमणूक ठरली. म्हणजे अज्ञानत्व केव्हा संपते, तोपर्यंत कारभार कोणाकडे आणि विधवेच्या पोटाची व्यवस्था काय, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एका कागदावर आली. ब्रिटिश हिंदुस्थानात सर्वसाधारण कायद्याने अठरा हे सज्ञानतेचे वय ठरले ते १८७५ साली, या तहानंतर एकतीस वर्षांनी.

पुढील दोन वारसांच्या वेळी लढाई झाली नाही. १८८६ साली जयाजीराव वारले तेव्हा माधवराव अज्ञान होते. मंडळ नेमले गेले आणि १८९४ साली त्यांना मुखत्यारी मिळाली. १९२५ साली माधवराव पॅरिसमध्ये वारले तेव्हा जिवाजीराव अज्ञान होते. त्यांच्या मातोश्री गजराराजे हयात असताही कारभारी मंडळाचे अध्यक्षपद त्यांच्या थोरल्या सापत्न मातोश्री चिंकूराजे यांच्याकडे गेले आणि १९३१ साली त्या वारल्या तोवर ते त्यांच्याकडेच राहिले. जिवाजीरावांना पूर्ण अधिकार मिळाले ते १९३६ साली. जन्मदाती आईच पालक होते असे नाही, हाही धडा लष्करच्या रहिवाशांना घरबसल्या मिळाला.

परंतु गादीचा हा कायदा घरापर्यंत पोचला नाही. बाड्याच्या मागील गल्लीत एखाद्या शिलेदाराची किंवा कारकुनाची विधवा राहत असली, तर तिच्या मुलाच्या सज्ञानतेची तारीख कोणत्याही कागदावर नव्हती, दिराने शेत विकले तर ते कोणास विचारून विकले हे पुसणारे मंडळ नव्हते, आणि तिच्या पोटगीचा आकडाही कोणी नमूद केलेला नव्हता. तिचा कायदा संस्कृत ग्रंथांत होता. त्या ग्रंथांचा अर्थ पंडित सांगत, पंडितांच्या अर्थावर न्यायाधीश निकाल देत, आणि निकाल तिच्या कानी पडे तो बहुधा दिराच्या तोंडून.

त्यात आणखी एक गुंतागुंत होती. हिंदू धर्मशास्त्राच्या निरनिराळ्या शाखा निरनिराळ्या प्रांतांत चालत. महाराष्ट्राकडील शाखेत, नवऱ्याने मना केलेले नसेल तर विभक्त कुटुंबातील विधवेला त्याच्या परवानगीवाचूनही दत्तक घेता येई. काशीच्या शाखेत त्यासाठी नवऱ्याची स्पष्ट अनुज्ञा लागे. बापाची मिळकत वारसाने मुलीकडे आली तर महाराष्ट्राकडे ती तिची पूर्ण मालकीची होई. काशीकडे तिला हयातीपुरता उपभोग मिळे. आणि सर्वमान्य नियम असा की, कुटुंबाने प्रांत सोडला तरी ते आपला कायदा बरोबर नेते. नव्या प्रांताचा कायदा त्याने पत्करल्याचे कोणी सिद्ध करीपर्यंत जुनाच लागू धरावयाचा. साताऱ्याकडून शिंद्यांच्या फौजेबरोबर आलेल्या घराण्यातील मुलगी आणि तिच्या भिंतीला भिंत लागून राहणारी बुंदेलखंडी शेजारीण, एका विहिरीचे पाणी भरणाऱ्या या दोघींचे हक्क या हिशेबाने वेगळे होते, आणि ते वेगळे आहेत हे दोघींपैकी एकीलाही ठाऊक नसण्याचाच संभव अधिक. गंमत अशी की, महाराष्ट्राकडे प्रमाण मानलेला 'व्यवहारमयूख' लिहिणारे नीलकंठ भट्ट पैठणहून काशीस जाऊन राहिलेल्या घराण्यातले होते. ग्रंथ काशीत लिहिला गेला आणि तो मानला गेला दक्षिणेत.

संस्थानी अमलात कायदे छापले जाऊ लागले. लष्करच्या आलिजाह दरबार प्रेसमधून राजपत्र निघे, नियमांची पुस्तके निघत. पण छापणे आणि कळविणे या दोन गोष्टी एक नव्हेत. स्त्रियांत अक्षरओळख दुर्मिळ, आणि ज्या मराठी घरांत ती होती तेथे घरची भाषा एक व कचेरीची भाषा दुसरी.

इतर मराठी संस्थानांचा अनुभवही येथे पाहण्याजोगा आहे. बडोद्यास सयाजीराव गायकवाडांनी १९०४ साली बालविवाहास बंदी करणारा कायदा केला. मुलीचे वय बारा आणि मुलाचे सोळा, एवढीच त्याची अपेक्षा होती. लोकांनी लग्ने लाविली आणि दंड भरला. कित्येक घरांत दंडाची रक्कम लग्नखर्चातच धरली जाऊ लागली. कोल्हापुरास शाहू छत्रपतींनी १९१७ साली विधवाविवाहाची नोंद करण्याचा आणि १९१९ साली स्त्रियांना क्रूरपणे वागविण्यास बंदी करणारा कायदा केला. घरातल्या छळाला राज्याने गुन्हा म्हणावे, हा विचार त्या काळी केवढा धाडसाचा होता! ब्रिटिश हिंदुस्थानात १९२९ साली सारडा कायदा झाला आणि तो १ एप्रिल १९३० पासून अमलात यावयाचा होता. मधल्या सहा महिन्यांत देशभर लग्नांची एकच घाई उडाली. कायदा लोकांना कळला होता, अगदी तारखेसह कळला होता. मात्र ज्या मुलींसाठी तो केला होता त्यांना सोडून इतर सर्वांना तो कळला होता.

स्वातंत्र्यानंतर १९५५ व १९५६ या दोन वर्षांत हिंदू विवाह, वारसा, अज्ञानत्व व पालकत्व, आणि दत्तक व निर्वाह असे चार कायदे झाले आणि शाखाशाखांचा भेद बहुतांशी मिटला. साताऱ्याकडली मुलगी आणि बुंदेलखंडी शेजारीण एका पायरीवर आल्या. वारसा कायद्याच्या चौदाव्या कलमाने तर एका ओळीत मोठेच काम केले : हिंदू स्त्रीच्या ताब्यातील मिळकत, ती कायद्यापूर्वी मिळालेली असो वा नंतर, तिच्या पूर्ण मालकीची झाली. हयातीपुरता उपभोग हा प्रकार सामान्यतः संपला. एखाद्या दस्ताने वा हुकूमनाम्याने मुळातच मर्यादित हक्क दिला असेल तर गोष्ट निराळी.

हे कायदे ग्वाल्हेरच्या इतिहासाला लावून पाहिले म्हणजे चटकन समजतात. कलमे पाठ करण्यापेक्षा हा मार्ग सोपा. १९५६ च्या दत्तक कायद्याने ताराबाईंचे दत्तकविधान टिकले असते काय? टिकले नसते. दत्तक घेणारी स्त्री सज्ञान असली पाहिजे, ताराबाई नव्हत्या. शिवाय स्त्री मुलगा दत्तक घेत असेल तर ती त्याच्याहून निदान एकवीस वर्षांनी मोठी हवी. येथे आई आणि मुलगा दोघेही लहानच. बायजाबाईंचे दत्तकविधान मात्र वयाच्या कसोटीस उतरले असते, कारण मुलगा पंधरा वर्षांच्या आतला होता आणि बाईंनी चाळिशी ओलांडली होती. नवऱ्याच्या अनुज्ञेचा प्रश्नच उरला नसता, कारण आता विधवा स्वतःच्या अधिकाराने दत्तक घेते.

आणि बायजाबाईंनी जनकोजीरावांच्या मिळकतीतील एखादा गाव विकला असता तर? पालकत्वाच्या कायद्याचे आठवे कलम सांगते की, अज्ञानाची स्थावर मिळकत न्यायालयाच्या पूर्वपरवानगीवाचून नैसर्गिक पालकाने, म्हणजे प्रत्यक्ष आईबापांनीसुद्धा, विकावयाची नाही, गहाण टाकावयाची नाही. टाकली तर मुलाला सज्ञान झाल्यावर तो व्यवहार रद्द करवून घेता येतो. त्यासाठी मुदत तीन वर्षांची. अठराव्या वर्षी सज्ञान झालेल्या मुलाला एकविसाव्या वर्षानंतर हा दरवाजा सामान्यतः बंद होतो. ही एक गोष्ट जितक्या घरांत ठाऊक असावयास हवी तितक्या घरांत ती ठाऊक नाही. चुलत्याने काय केले हे मुलाला बहुधा कळते, पण त्यावर उपाय होता हे कळते तेव्हा तो तिशीला आलेला असतो. पालक कोण, या प्रश्नाचेही उत्तर पुढे स्पष्ट झाले. कायद्यात बाप, आणि 'त्याच्यानंतर' आई, असे शब्द होते. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली गीता हरिहरन यांच्या खटल्यात 'त्याच्यानंतर' याचा अर्थ 'त्याच्या मरणानंतर' एवढाच नव्हे असे सांगितले. बाप मुलाकडे पाहतच नसेल तर त्याच्या हयातीतही आई पालक होऊ शकते.

मुलीच्या वाट्याच्या बाबतीत मात्र प्रांताप्रांताचा जुना भेद काही काळ पुन्हा डोके वर काढून गेला. महाराष्ट्राने १९९४ साली आपल्यापुरती दुरुस्ती करून त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींना वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलाबरोबरीने हक्क दिला. मध्य प्रदेशात तशी दुरुस्ती झाली नाही. पुण्यातील मुलगी आणि लष्करातील तिची मावसबहीण यांच्यांत पुन्हा अकरा वर्षांचे अंतर पडले. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ते बुजविले, विवाहित मुलींसही त्यात घेतले, आणि वडील त्या दिवशी हयात असलेच पाहिजेत असे नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ठरविल्यावर उरलासुरला संशयही फिटला. तरीही बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेण्याची चाल दोन्ही प्रांतांत सारखीच टिकून आहे. सही करावी की करू नये हा बहिणीच्या मनाचा प्रश्न, पण ती कशावर सही करीत आहे हे तिला वाचून दाखविले जाते काय, हा कायद्याचा प्रश्न आहे.

पोटगीचा हक्क या सर्वांहून जुना आणि धर्माच्या भिंतींपलीकडचा. १८९८ च्या फौजदारी संहितेत तो होता, १९७३ च्या संहितेत १२५ वे कलम म्हणून आला आणि १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत १४४ वे कलम म्हणून आहे. ग्वाल्हेरचे जुने शेजारी संस्थान इंदूर. तेथील शाहबानो यांना कनिष्ठ न्यायालयाने महिना पंचवीस रुपये पोटगी ठरविली होती. उच्च न्यायालयाने ती १७९ रुपये २० पैसे केली आणि १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. त्यावर देशात केवढे वादळ उठले आणि पुढील वर्षी नवा कायदा कसा झाला, हे सर्वश्रुत आहे. त्या गदारोळात ते १७९ रुपये २० पैसे मात्र बहुतेकांच्या स्मरणातून गेले. एका वृद्ध स्त्रीने न्यायालयाची पायरी चढावयाची, ती एवढ्यासाठी.

न्यायालयाची पायरी चढावयास पैसा लागतो ही समजूत मुळीच खोटी नाही. परंतु तिला एक अपवाद आहे आणि तो बायकामुलांसाठीच आहे. १९७६ साली राज्यघटनेत ३९-अ हे कलम येऊन मोफत कायदेशीर साहाय्य हे राज्याचे कर्तव्य ठरले. त्यासाठीचा विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ साली झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. त्याच्या बाराव्या कलमात साहाय्यास पात्र असणाऱ्यांची यादी आहे. इतर कित्येकांना उत्पन्नाची मर्यादा आहे. स्त्री आणि बालक यांना ती नाही. सरदाराची सून असो वा बाड्यावर भाजी विकणारी असो, स्त्री आहे एवढेच पुरे. वकील सरकारी खर्चाने मिळतो, न्यायालयाचे शुल्कही त्यात येते. हे प्राधिकरण प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात असते. महाराष्ट्रात त्याच्या पाटीवर 'विधी सेवा' लिहिलेले असते, ग्वाल्हेरीस 'विधिक सेवा'.

अर्ज कोणत्या भाषेत करावा, ही ग्वाल्हेरच्या जुन्या मराठी घरांतील अडचणही तेथे फारशी राहत नाही. २०१० सालच्या विनियमांप्रमाणे अर्ज स्थानिक भाषेत चालतो. अर्जदार बाईला लिहिता येत नसेल, तर तिची हकीकत कचेरीतील माणसाने वा नेमलेल्या वकिलाने विचारून घ्यावयाची, अर्जात उतरावयाची, लिहिलेले तिला वाचून दाखवून समजावून द्यावयाचे, आणि त्यानंतरच तिची सही अगर अंगठा घ्यावयाचा.